घोंगडीतला बर्फ

हे लिहायला बसण्यापूर्वी मी बरेच दिवस टाळाटाळ केली, आणि आता बसले आहे तरी क्षमा मागूनच आरंभ करणे मला बरे वाटते. तीस वर्षे मी सरकारी मराठी शाळेत विज्ञान शिकवले. इतरांच्या वह्यांवर लाल शाईने पुष्कळ लिहिले, परंतु स्वतःचे म्हणावे असे पानभरही कधी लिहिले नाही. त्यातून माझा आजारही असा, की त्याचे नाव सांगताच समोरचे माणूस म्हणते, "एवढंच व्हय? आमच्या जाऊबाईला पन हाय की." ते खरेच आहे. फार मोठ्या दुखण्यांतून उठलेल्या माणसांनी लिहावे आणि माझ्यासारखीने ते वाचावे, हीच रीत योग्य. तरीही मी लिहिते आहे, कारण माझ्या हातून एक चूक झाली. अनुभव सांगायला कदाचित योग्यता लागत असेल. चूक सांगायला ती लागत नसावी.

मे महिन्यातला स्वेटर

आमचे गाव बीदर जिल्ह्यातले मन्नाएखेळ्ळी. हमरस्त्याला लागून यांचे खत-बियाणांचे दुकान आहे आणि मागच्या गल्लीत घर. घरात आम्ही तिघे: हे, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी लग्न झाल्यापासून आत्याबाई म्हणते. मुलगी राजश्री हैदराबादला नोकरीला आहे.

मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्याकडचा मे महिना कसा असतो ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. दुपारी शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही; संध्याकाळी लोक गच्चीवर बादल्या ओततात, तेव्हा कुठे रात्री तिथे पाठ टेकता येते. अशा दिवसांत मी घरात स्वेटर घालून बसत असे. पायांत मोजे असत. एका लग्नात मी शालीवर शाल घेऊन बसले, तेव्हा यांच्या मावसबहिणीने सगळ्या बायकांच्या देखत विचारले, "वैनी, हितून थेट काश्मीरलाच निगालाव का?" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले.

घरात मात्र हा हसण्याचा विषय राहिला नाही. मला पंखा सोसत नसे आणि यांना त्यावाचून क्षणभर राहवत नसे. आधी पंख्याचा वेग कमी झाला, मग पंखा बंद झाला, मग यांनी आपली बाज उचलून गच्चीवर नेली. एकदा पाहुण्यांसमोर मी उठून पंख्याचे बटण बंद केले, तेव्हा यांचा धीर सुटला.

"थंडी भायेर न्हाई," हे म्हणाले. "तुज्या डोक्यात हाय."

पाहुण्यांनी खाली पाहिले. मला मात्र राग आला नाही. माझ्या डोक्यात काहीतरी बिघडत आहे, अशी भीती मला त्यांच्याही आधीपासून वाटत होती.

कपाटाच्या दारामागे

माझे माहेर अफजलपूरचे. माझी आई शेवटच्या काही वर्षांत सगळे विसरत गेली. प्रथम भाजीत मीठ घातले की नाही हे, मग शेजाऱ्यांची नावे, मग आमची. मी शेवटची भेटले तेव्हा तिने माझी हनुवटी धरून मोठ्या मायेने विचारले होते, "तू कुनाची गं बाई?" त्या प्रश्नात जराही दुःख नव्हते. सगळे दुःख माझ्याच वाट्याला आले.

आता मीही विसरू लागले होते. वीस वर्षे दूध घालणाऱ्या माणसाचे नाव मला एके सकाळी आठवेना. वाक्य सुरू केले की त्याचा शेवट कुठे न्यायचा होता ते हरवे. चालणे मंदावले, चेहरा सुजल्यासारखा दिसे, केस कंगव्यात येत. लोक म्हणत, निवृत्ती लागली आहे. मी कोणाला काही सांगितले नाही. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून त्यावर गल्लीतल्या सगळ्यांची नावे लिहून ठेवली आणि रोज सकाळी पातळ काढण्याच्या निमित्ताने ती वाचू लागले. कागदाच्या शेवटच्या ओळीत मी राजश्रीचेही नाव लिहिले होते. ते लिहिताना माझा हात थांबला होता, हे आज प्रथमच कबूल करते.

त्याच राजश्रीने एकदा फोनवर विचारले, "आई, तुझा आवाज असा जाड का येतोय? सर्दी झाली का?" मी म्हटले, झाली असेल. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारले. तिसऱ्या वेळी तिने मला काहीच विचारले नाही. थेट वडिलांना फोन करून मला बीदरला दाखवायला सांगितले.

विचार करून हललेला पाय

दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्याकडे बराच वेळ नुसते पाहिले. मग गुडघ्याखाली लहानशी हातोडी मारली. पाय हलला, पण जणू प्रश्न नीट समजून घेऊन मगच उत्तर द्यावे तसा, सावकाश. डॉक्टरांनी पुन्हा मारली आणि मान हलवली. रक्त तपासायला दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले, की गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जवळजवळ झोपली आहे. शरीराची भट्टी किती पेटती ठेवायची हे ती ठरवते. माझी भट्टी मंदावली होती, म्हणून थंडी, म्हणून आवाज, म्हणून सूज. मी भीतभीत एकच प्रश्न विचारला, "आणि विसरणं?"

"तेही त्यामुळेच असू शकतं," ते म्हणाले.

त्यातले 'असू शकतं' मी जपून घरी आणले. बसमध्ये यांनी न सांगता माझ्या बाजूची खिडकी ओढून बंद केली. बाहेर ऊन होते आणि सगळी बस घामाने चिंब होती. मागच्या माणसाने कुरकुर केली, तेव्हा हे म्हणाले, "जरा सोसा. आजारी हाय माजी बायको." 'डोक्यात हाय' म्हणणाऱ्या माणसाने एवढे म्हणावे, हे मला पुरेसे होते.

माझी चूक

रोज एक गोळी, सकाळी, उपाशीपोटी, जन्मभर. डॉक्टरांनी एवढेच सांगितले आणि मी मान डोलावली. मला एक विचारायचे होते, पण बाहेर रांग होती आणि माझा स्वभाव असा, की रांग दिसली की माझा प्रश्न मला लहान वाटू लागतो.

आमचे घर लिंगायतांचे. आत्याबाईंच्या राज्यात स्नान आणि लिंगपूजा झाल्याखेरीज पाण्याचा थेंबही कोणाच्या ओठांना लागत नाही. पूजा आटोपली की प्रथम तीर्थ, आणि लगेच वाटीभर नैवेद्याचे कोमट दूध. मी हिशेब केला, की पूजेपर्यंत पोटात काही जातच नाही, म्हणजे पोट उपाशीच आहे. तेव्हा मी त्या दुधाबरोबर गोळी घेऊ लागले. हाडांसाठी आधीपासून चालू असलेली कॅल्शियमची गोळीही सोबतच घेई, म्हणजे औषधाचे काम एकदाच उरकावे. देवाचे दूध आणि औषध एका घोटात जाते, याचे मला थोडे समाधानही वाटे.

पाऊस संपला, दिवाळी झाली, थंडी पडू लागली. बीदरकडचे हे पठार उंचावर असल्याने इथला गारठा अफजलपूरच्या मानाने बोचरा. माझ्यात फरक पडेना. गोळी सुरू झाल्यापासून दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासायचे होते. ते मी टाळले. दुकानात हंगाम आहे, असे यांना सांगितले. खरे कारण वेगळे होते. समजा, रक्त सुधारलेले निघाले आणि विसरणे तसेच राहिले, तर मग ते आईचेच दुखणे ठरणार होते. तपासणी झाली नाही तोवर 'असू शकतं' माझ्याजवळ शिल्लक राहणार होते.

येळवस

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे येळवस असते. घरेच्या घरे कुलूप लावून शेतात जातात. कडब्याची कोप उभारून तिच्यात पांडवांची पूजा करायची, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि भाकरी खायची आणि मातीच्या घागरीतली गार आंबील प्यायची. त्या वर्षी उत्तरेकडून बोचरा वारा सुटला होता. शेजारच्या शेतातली पोरे दात वाजवत आंबील पीत होती. हे हात काखेत दडवून उड्या मारल्यासारखे चालत होते.

मी दोन शाली आणि घोंगडी घेऊन कोपीजवळ बसले होते. मला सगळ्यांहून जास्त थंडी वाजत होती, पण मी कुडकुडत नव्हते. अंग अगदी स्थिर होते. आत्याबाईंनी प्रसाद देताना माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

"हात कामून असा लागायलाय? घागरीवानी?"

मी म्हटले, काही नाही, आंबील प्यायले म्हणून. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. माझ्या पुढ्यातला पेला भरलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान करून मी न्हाणीघरातच खाली बसले. शहाबादी फरशी बर्फासारखी असणार, पण मला ती गार वाटली नाही. बरे वाटले. आता उठायचे कशाला, असा एक गोड विचार मनात आला. आजही त्या गोडव्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटते.

मी पूजेला आले नाही म्हणून आत्याबाईंनी दार लोटले. पुढचे मला इतरांकडून कळले. यांनी थर्मामीटर लावले, त्यावर आकडाच येईना. सेल उतरला असेल म्हणून यांनी सेल बदलला. तरीही येईना, तेव्हा शेजारून दुसरे आणले. तेही आकडा दाखवेना. "दोन्ही यकदाच कसे बिगडले?" असे हे म्हणत असताना आत्याबाई म्हणाल्या, "ते न्हाईत बिगडले. गाडी बघ." तोवर यांनी माझे तळवे लसणीच्या तेलाने चोळले होते आणि पायांशी गरम विटा फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. पायाला चटका बसून फोड आले, आणि मला ते कळलेही नाही.

गुणपत्रक

बीदरच्या रुग्णालयात एक वयस्क परिचारिका होत्या. त्यांनी प्रथम सोबत आणलेल्या गरम विटा बाहेर ठेवायला लावल्या. हे अजिजीने म्हणाले, की तिला ऊब हवी आहे. त्यांनी आपल्या दखनीत समजावले, "भायरसे नक्को जी. अंदरसे आने देव. वक्त लगता." साधी पांघरुणे, सलाईन आणि शिरेतून औषध, एवढ्यावर त्यांनी मला ठेवले.

त्या दर तासाला येऊन तापमान पाहत आणि आकडा मोठ्याने वाचत. जन्मभर मी मुलांना गुण वाचून दाखवले. आता माझे गुण सगळा वॉर्ड ऐकत होता. पहिल्या दिवशी ब्याण्णव. संध्याकाळी त्र्याण्णव. हे बाहेर जाऊन राजश्रीला फोनवर सांगत, "आज यक मार्क वाढलाय." तिसऱ्या दिवशी शहाण्णव झाले, तेव्हा समोरच्या खाटेवरच्या बाईंनी मला नमस्कार केला.

मी पूर्ण शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारले, की गोळी कशी घेता. मी पुटपुटले. यांनी मोठ्याने सांगितले, "दुदासंगं घेती सायेब. देवाचं झाल्यावर. आन् हाडाची गोळी पन तवाच."

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. दूध आणि कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतात, अंगाला लागू देत नाहीत, असे त्यांनी सांगितले. म्हणजे इतके महिने मी गोळी घेत होते आणि घेतही नव्हते. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर तासभर काही नको, कॅल्शियम तर दुपारनंतरच, आणि वेळ रोज तीच.

ते गेल्यावर मी छताकडे पाहत पडून राहिले आणि मला माझा सातवीचा वर्ग आठवला. दरवर्षी मी बर्फाचे दोन सारखे तुकडे नेत असे. एक ताटलीत उघडा ठेवायचा, दुसरा घोंगडीत गुंडाळायचा. आधी कोणता वितळेल? वर्ग एकमुखाने म्हणे, घोंगडीतला! तासाच्या शेवटी घोंगडी उलगडली की आत बर्फ जवळजवळ तसाच असे, आणि मुलांचे डोळे मोठे होत. मग मी सांगत असे: लोकर ऊब तयार करीत नाही, आत असेल तेवढीच अडवून धरते. ऊब शरीर तयार करते, अन्न जाळून. आणि अगदी कमी पडली तर स्नायू थरथरवून. आपण त्याला कुडकुडणे म्हणतो.

तीस वर्षे हे शिकवून मी स्वतः वर्षभर शालीवर शाल ओढत राहिले. घोंगडीतला बर्फ मीच होते. कुडकुडण्याइतकेही बळ माझ्या अंगात उरले नव्हते, आणि त्या स्थिरपणाला मी सहनशीलता समजले होते.

आत्याबाईंचा निकाल

घरी आल्यावर प्रश्न उरला तो वेळेचा. आमची पूजा कधी सातला आटोपते, सोमवारी नऊ होतात, सणाला दहा. गोळीला रोज एकच वेळ हवी. ती स्नानापूर्वी, उठल्याबरोबरच साधण्यासारखी होती. पण पूजेआधी पाणी प्यायचे, हे आत्याबाईंना कोणत्या तोंडाने सांगावे, याचाच विचार करीत मी पहिली रात्र काढली.

पहाटे पाच वाजता त्याच माझ्या उशाशी उभ्या होत्या. एका हातात तांब्याचे फुलपात्र, दुसऱ्या तळहातावर गोळी. मी उठून बसले, पण हात पुढे होईना.

"आत्याबाई, अजून पूजा..."

"लिंग कुटं हाय?" त्यांनी विचारले.

मी गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

"अंगावरच हाय की न्हाई? मग त्येला कळतंय तू काय गिळायलीस ते. अंगच गार पडलं तर त्येनं ऱ्हायाचं कुटं? घे."

मी गोळी घेतली. ऐंशी वर्षे जी रीत त्यांनी स्वतः एकदाही मोडली नव्हती, ती त्यांनी माझ्यासाठी एका वाक्यात वाकवली. त्या स्वतः अजूनही पूजेआधी पाणी घेत नाहीत. पण माझे फुलपात्र पाचला चुकत नाही. एकदा मी चेष्टेने म्हटले, की मी आपले आपण घेईन, तर म्हणाल्या, "तू टीचर हाईस. तुज्यावर इस्वास न्हाई."

पंखा

सुधारणा इतकी हळू झाली, की ती झाल्याचे मला दुसऱ्यांकडून कळले. राजश्री फोनवर म्हणाली, की तुझा आवाज परत आला. दूधवाल्याला मी एके दिवशी नावाने हाक मारली आणि घरात येऊन दाराआड रडले. कपाटातला कागद मी लगेच काढला नाही. पण चैत्रात सहज लक्षात आले, की महिनाभर तो वाचलेलाच नाही.

त्या मे महिन्यात एके दुपारी हे जेवायला आले, घाम पुसला आणि सवयीने पंखा न लावताच पानावर बसले. मी म्हटले, "पंखा लावा की. किती उकडायलंय."

हे हातातला घास तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिले. मग उठले, पंखा पूर्ण वेगाने लावला आणि जेवू लागले. ताटातली पापडी उडून गेली. ती उचलायला कोणीच उठले नाही.

पुन्हा येळवस

गेल्या येळवशीला आम्ही पुन्हा शेतात गेलो. वारा तसाच होता. मी एकच शाल घेतली होती. गार आंबिलीचा पेला संपवला आणि काही क्षणांत माझी हनुवटी थरथरू लागली. मग खांदे. मग दातावर दात. मला थांबवता येईना आणि थांबवायचेही नव्हते. आत्याबाई शेजारीच होत्या. त्यांनी माझा हात धरून पाहिला.

"कुडकुडायलीस," त्या म्हणाल्या.

"व्हय," मी म्हटले.

"कुडकुड मग," असे म्हणून त्यांनी आपल्या घोंगडीचे अर्धे टोक माझ्या खांद्यावर टाकले. तिच्याखाली खरोखरच ऊब साठू लागली, कारण आता आत ऊब होती.

तिथेच, त्या घोंगडीत, मला आई आठवली. नावे विसरणारी नव्हे. त्याही आधीची आई. अफजलपूरच्या अंगणात, भर उन्हाळ्यात, वाकळ पांघरून उन्हात बसलेली. आम्ही भावंडे तिला हसत असू. तिचा आवाज जाड होत गेला होता, तेही आम्हांला वयाचेच वाटले. तिचे रक्त कोणी कधी तपासले नाही. मी नंतर डॉक्टरांना विचारले, की तिचेही थायरॉइडच असेल का. ते म्हणाले, आता सांगता येणार नाही. दोन्ही शक्य आहे. मी त्यांना दोष देत नाही, स्वतःलाही फारसा देत नाही. त्या काळी आम्हांला ठाऊकच नव्हते. पण विज्ञानाची शिक्षिका असलेली तिची मुलगी दर सुट्टीत तिच्याजवळ बसत होती आणि तिला एवढेच म्हणत होती, की आई, अजून एक पांघरूण देऊ का?

म्हणून संकोच बाजूला ठेवून विचारते: सगळ्यांना उकडत असताना शाल घेऊन बसलेले असे कोणी तुमच्या घरात आहे का?